आमच्या बँडनं स्वयंसेवकांच्या कम्युनिटी रेडिओकडे जावं का? तिथं ऐकतं कोण?

तुमचा प्रश्न असा की गाणी स्ट्रीमिंगवर घरबसल्या टाकता येत असताना छोट्या रेडिओ केंद्राचे उंबरे झिजवून बँडला मिळणार काय. मी स्वतः अशाच एका केंद्रावर बरीच वर्षं फुकट निवेदन करतोय, तेव्हा माझं मत एकतर्फी असणार, हे धरूनच वाचा. कडू भाग आधी: श्रोते थोडे असतात, पैसे जवळपास नसतातच. ‘रेडिओवर लागलो म्हणजे गाजलो’ असं डोक्यात असेल तर नाद सोडा.

तरी जा, असंच सांगेन. श्रोत्यांसाठी नाही, तिथं रोज उठबस असणाऱ्या माणसांसाठी. संध्याकाळी कामावरून सुटून बिनपगारी कन्सोलवर बसायला कोण येतं? ज्याला गाण्याचं वेड आहे तो. त्यातला कुणी स्वतः ड्रम वाजवतो, कुणी कार्यक्रमांचा साउंड बघतो, कुणाची हॉलवाल्याशी ओळख असते.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराचं उदाहरण घ्या. वॉशिंग्टन विद्यापीठातलं केसीएमयू हे विद्यार्थ्यांनी १९७२ मध्ये सुरू केलेलं केंद्र. आज ते केईएक्सपी म्हणून ओळखलं जातं. ऐंशीच्या दशकात ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन दोघंही तिथं कार्यक्रम करायचे. पुढं ‘सब पॉप’ हे रेकॉर्ड लेबल उभं राहिलं ते या दोघांच्या जोडीनं, आणि ‘निर्वाणा’ या बँडची पहिली सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, १९८८ मध्ये त्यांनीच काढली. तिथल्याच ‘साउंडगार्डन’ बँडचा गिटारवादक किम थायिलही त्याच केंद्रावर निवेदक होता. ग्रंज, म्हणजे या बँडांचा खरखरीत रॉक, जगाला कळायच्या आधी ते वाजवणारे, लावणारे आणि रेकॉर्ड काढणारे एकमेकांना असे रोजच्या रोज भेटत होते. केंद्राचं प्रसारण किती लांब पोचतं याला तिथं फारसं महत्त्व नव्हतं.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनचं फोर-झेडझेडझेड हे कम्युनिटी केंद्र १९७५ च्या डिसेंबरात सुरू झालं. खर्च भागवायला त्यांनी विद्यापीठाच्या आवारात ‘जॉइंट एफर्ट’ नावानं बँडांचे कार्यक्रम लावले. केंद्राकडची पैशांची चणचण अशी बँडांच्या पथ्यावर पडली.

दुसरं म्हणजे, अ‍ॅपवर गाणं संपलं की लगेच पुढचं सुरू होतं. इथं निवेदक थांबून नाव पुन्हा घेतो, गाणं कुणी लिहिलं ते सांगतो, शनिवारी तुम्ही कुठं वाजवणार तेही सांगतो. ऐकणारा त्याच भागातला असल्यामुळे तो खरंच येऊ शकतो.

स्टुडिओत लाइव्ह वाजवायची संधी आली तर सोडू नका. आमची खोली इवलीशी आहे. ड्रम सुरू झाले की गायकाच्या माइकमध्ये आवाजापेक्षा झांजाच जास्त शिरतात. मग आम्ही स्नेअरवर, म्हणजे कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमवर, टॉवेल टाकतो आणि ड्रमरच्या हातात काठ्यांऐवजी ब्रश देतो. बहुतेक ड्रमर तोंड वाकडं करतात. पण इतके दिवस ड्रमवर मात करायला ओरडणारा गायक अचानक खालच्या पट्टीत नीट गायला लागतो, आणि बँडमधल्याच कुणीतरी विचारतं, “हे शब्द होते होय?” सरावाच्या खोलीत जे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही ते हेडफोन लावल्यावर पहिल्या कडव्यातच कळतं.

आता खोट सांगतो. स्वयंसेवकांच्या केंद्रावर कंपूबाजी असते. निवेदकाच्या मित्रांचे चार-दोन बँड सारखे वाजतात आणि बाकीच्यांच्या फायली उघडल्याही जात नाहीत. कार्यक्रम करणाऱ्याची नोकरी बदलली की कार्यक्रमच बंद पडतो. शिवाय ‘स्थानिक कलाकारांचा तास’ हा प्रकार मला स्वतःला फारसा पटत नाही. तो बहुधा त्या कलाकारांचे नातेवाईकच ऐकतात. ऑस्ट्रेलियात कम्युनिटी केंद्रांना वाजवलेल्या संगीतात देशी संगीताचा किमान हिस्सा ठेवावा लागतो. ही गाणी इतर गाण्यांमध्ये मिसळून लावली तरच त्याचा उपयोग. नामवंत बँडच्या गाण्यानंतर तुमचं लागलं आणि कुणी चॅनल बदलला नाही, तर जमलं म्हणायचं.

जाताना काय न्यायचं? एकच गाणं, तुमचं सगळ्यात चांगलं. पूर्ण अल्बमची लिंक कुणी उघडत नाही. फाइल डब्ल्यूएव्ही, म्हणजे एमपी३ सारखी न दाबलेली, द्या आणि आवाज मुद्दाम चढवू नका. प्रक्षेपणाच्या साखळीत लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीवर आवाज दाबणारं यंत्र, असतोच, तो आधीच चेपलेलं गाणं आणखी चेपतो. फाइलच्या नावात बँडचं आणि गाण्याचं नाव हवं, ‘फायनल २ नवीन’ नको. गीतकार-संगीतकारांची नावं सोबत लिहून द्या, कारण रॉयल्टी वाटताना केंद्रांच्या नोंदी जिथं पाहिल्या जातात तिथं कोऱ्या रकान्याचे पैसे तुमच्यापर्यंत येत नाहीत. शिवी असेल तर आधीच सांगा. आणि पाठवायच्या आधी तिथले दोन-तीन कार्यक्रम ऐकून कुणाच्या कार्यक्रमात तुमचं गाणं बसेल ते ठरवा, मग केंद्राच्या सामाईक पत्त्याऐवजी थेट त्या माणसाला गाठा.