हळदीला डीजेने मान वर करावी का? करावी, पण आधी ती खाली का जाते ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्षापासून डीडीजे-४०० या छोट्या कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं यंत्र) हळदी, संगीत, वाढदिवस वाजवता. गाणी नीट जुळतात, तरी यजमानांची तक्रार येते की 'डीजेने एकदाही मान वर केली नाही'. मग आता हातवारे करायचे, माईकवर बोलायचं, की गप आपलं काम करायचं?

माझं मत सरळ आहे. पब्लिककडे बघणं सक्तीचं, पब्लिकला काही करून दाखवणं कार्यक्रम बघून. गाणी लावणं आणि पब्लिकशी बोलणं ही कामं मुळात एका माणसाची नव्हतीच. जमैकातल्या साउंड सिस्टिमवर रेकॉर्ड लावतो तो 'सिलेक्टर' आणि माईकवर बोलतो तो 'डीजे'. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्कने पार्ट्या सुरू केल्या, त्याच्या जोडीला माईकवर कोक ला रॉक असायचा. आपल्याकडे तर 'डीजे' म्हणजे बऱ्याचदा माणूसच नसतो, स्पीकरची भिंत असते. हळदीच्या हॉलमध्ये मात्र ही सगळी कामं एकट्या तुमच्याकडून हवी असतात. बोलणं जमत नसेल तर अँकर घ्या, त्यात कमीपणा नाही. बघण्याचं काम मात्र दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

मान खाली राहते ती बहुतेक वेळा शोधाशोधीमुळे. चालू गाणं अर्धं होण्याआधी पुढचं डेकवर चढलेलं आणि हेडफोनमध्ये तपासलेलं हवं. त्यासाठी तयारी घरी करायची: पाहुणे येतानाची, हळद लावतानाची, नाचाची आणि शेवटची, अशा चार याद्या, प्रत्येकीत १५-२० गाणी. प्रत्येक गाण्यावर किमान चार हॉट क्यू (पॅड दाबताच गाणं थेट त्या जागी नेणाऱ्या खुणा): पहिला ठोका, गायन सुरू होतं ती जागा, धृवपद आणि बाहेर पडायची जागा. रंग सगळीकडे तेच ठेवा, म्हणजे पॅड न वाचता हात पडतो. जुन्या सिनेमांतली गाणी वादकांनी प्रत्यक्ष वाजवलेली असल्यामुळे लय मध्येच सरकते. त्यावर सॉफ्टवेअरने सरसकट एकसारखी ग्रिड (ठोक्यांच्या खुणा) टाकली की मिनिटभरात सिंक, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणं, घसरतं आणि तुम्ही जॉग व्हील ढकलत बसता. अशा गाण्यांचं विश्लेषण रेकॉर्डबॉक्समध्ये (कंट्रोलरसोबतचं सॉफ्टवेअर) डायनॅमिक मोडवर करा, म्हणजे ग्रिड बदलत्या लयीमागे जाते, नाहीतर मिसळायच्या भानगडीत न पडता ओळ संपताच इको देऊन बाहेर पडा आणि पुढचं गाणं समेवर टाका.

आता मांडणी. हॉलची टेबलं साधारण ३० इंच उंचीची, म्हणजे जेवणाची. त्यावर कंट्रोलर ठेवला की कमरेत वाकावंच लागतं. खाली भक्कम फ्लाइट केस ठेवून उंची ३६ ते ४० इंचांवर आणा. लॅपटॉप समोर नको, बाजूला तिरका, आणि स्क्रीनची वरची कड हनुवटीच्या खाली. समोरून तिरका एखादा मंद पिवळा दिवा तोंडावर पडू द्या. नुसत्या स्क्रीनच्या उजेडात माणूस खालून निळा दिसतो, हळदीत कोणी भूत बोलावलेलं नसतं. एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटते.

बघायचं कुठे, हा खरा प्रश्न. पुढे उभं राहून ओरडणारं पाच-सहा पोरांचं टोळकं म्हणजे फ्लोअर नव्हे. ती पोरं कशावरही नाचतात. नजर कडेला ठेवा: प्लेट हातात घेऊन उभे असलेले, खुर्चीवरून पाय हलवणाऱ्या मावश्या, दाराशी घुटमळणारे. गाणं बदलल्यावर पहिली ३० सेकंदं उपकरणांना हात न लावता हेच बघायचं. कडेचे लोक आत सरकले तर त्याच जातीची आणखी दोन गाणी द्या. मधली माणसं कडेला जायला लागली तर पूर्ण गाणं वाजवायचा हट्ट नको, पहिलं धृवपद संपताच बाहेर पडा. मावश्या उठल्या असतील तर मात्र जे चाललंय ते अजिबात बदलू नका, मग टोळकं कितीही बोंबलो.

हातवाऱ्यांचं गणित वेगळं. १०० बीपीएमच्या (मिनिटाला १०० ठोके) गाण्यात ३२ ठोके म्हणजे सुमारे १९ सेकंद. पुढचं सगळं तयार असेल तरच हे १९ सेकंद तुमचे. हात वर करायचा तो धृवपदाच्या चार ठोके आधी. धृवपद सुरू झाल्यावर केलेला इशारा वाया जातो. डोक्यावर टाळ्या हॉलमध्ये चालतात, मोठ्या मैदानावर विस्कटतात. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३५ मीटर मागच्या माणसाला ठोका सुमारे दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो, तुमचे हात मात्र लगेच दिसतात. तिथे दर चार ठोक्यांतल्या पहिल्या ठोक्यावर एकच मोठी हालचाल पुरे. हीच अडचण उलट बाजूनेही येते: जवळ मॉनिटर (डीजेकडे तोंड केलेला स्पीकर) नसेल आणि मुख्य स्पीकर १० मीटर पुढे असतील तर तुम्हालाच सुमारे ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं. साउंडवाल्याकडे मॉनिटर मागा, ब्लूटूथ स्पीकरवर भागवू नका, त्याचा उशीर याहून कितीतरी जास्त असतो.

लोकांना गायला लावायचं असेल तर सगळ्यांना पाठ असलेलीच ओळ निवडा. फेडर (आवाजाची सरकपट्टी) पूर्ण पाडू नका, पाव ठेवा, नाहीतर सूर सुटतो. पहिली ओळ कोणी उचलली नाही तर दुसऱ्या ओळीला गुपचूप फेडर वर. अर्ध्या तासात दोनदा हा खेळ केला की तिसऱ्यांदा लोक तुमच्याकडे बघतच नाहीत.

माईकवर सहा-सात शब्दांचं वाक्य, तेही वाद्यांच्या तुकड्यावर. गायकाच्या आवाजावर कधीच नाही. माईक तोंडापासून दोन बोटं, आणि जाळीवर मूठ नको: जाळी झाकली की माईक मागच्या बाजूचा आवाजही घेतो आणि शिटी सुरू होते. स्पीकरच्या पुढे जाऊन बोललात तरी तेच. छोट्या कंट्रोलरवर माईकला सहसा इक्यू (खर्ज-तार कमीजास्त करायची सोय) नसतो, म्हणून साउंडवाल्याकडे वेगळी चॅनल मागा, १०० हर्ट्झखाली कट करायला सांगा, आणि बोलताना गाणं १२ ते १८ डेसिबल खाली घ्या.

नावांची यादी घरच्या एकाच जबाबदार माणसाकडून लेखी घ्या, उच्चारासकट. फर्माईशीही त्याच्याचमार्फत, म्हणजे तोंडासमोर फोन नाचवणारे कमी होतात. घरच्यांनी सांगितल्याशिवाय कोणत्याही बाईला नाव घेऊन नाचायला बोलावू नका. दोन्ही घरांत नुकतं कोणी गेलंय का तेही विचारून ठेवा. 'आजोबांना पुढे आणा' म्हणून मोकळं व्हायचं आणि आजोबाच नसायचे. 'मेक सम नॉइज' हळदीत नको वाटतं मला, 'मंडळी, नवरीकडचे कुठे आहेत?' एवढ्यावर हॉल उठतो.

काही करतोय असं दाखवायला उगाच नॉब फिरवू नका. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, आणि असं फिरवताना लो (बेस) खरंच उडतो. उडी मारणं, टेबलावर चढणं हे २३०व्होल्टच्या एक्स्टेन्शन बोर्डाशेजारी करायचं नसतं.

वरात किंवा मिरवणुकीत गाडीवर असाल तर नियम उलटा. गर्दीला गाडीकडे खेचणारा एकही इशारा नको. तिथे माईक फक्त 'गाडी पुढे सरकतेय, चाकाजवळून बाजूला व्हा' यासाठी, आणि अँब्युलन्स दिसली की आवाज तात्काळ शून्यावर. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सूट मिळाल्याचं लेखी नसेल तर पावणेदहाला 'अजून एक?' असं विचारून पब्लिकला चेतवणं म्हणजे पोलिसांशी भांडण स्वतः लावून देणं.

क्लबात किंवा ट्रान्स पार्टीत यातलं फार थोडं लागतं. गोव्यात अंजुण्याच्या पार्ट्यांत ट्रान्स डीजे गोवा गिल डॅटच्या (डिजिटल ऑडिओ टेप) टेपांवर तासन्‌तास वाजवायचा. त्या यंत्रावर टेम्पो जुळवणं जवळपास अशक्य, सगळी मदार कोणत्या वेळी काय लावायचं यावर. तिथे कोणी माईकची वाट बघत नव्हतं.

पुढच्या कार्यक्रमात यजमानांना विचारून फोन स्वतःकडे तोंड करून २० मिनिटं रेकॉर्डिंगला ठेवा आणि नंतर आवाज बंद करून बघा. प्रत्येक गाणं बदलल्यावर पहिल्या ३० सेकंदांत मान वर झाली की नाही, एवढंच मोजा. तो आकडा, टेबलाची उंची आणि नाचाची पहिली दहा गाणी इथे टाका, क्यू कुठे लावायचे ते गाण्यागणिक सांगतो.