स्की कुठली घेऊ? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

डिसेंबर जवळ आला की स्कीबद्दलच्या पत्रांचा ढीग पडतो आणि त्यातली निम्मी एकाच गोष्टीची असतात, कुठली घेऊ आणि केवढी घेऊ. या वेळी तीच निवडलीयत.

प्रश्न : ताई नमस्कार, गेल्या वर्षी औलीला बेसिक कोर्स केला, आता फेब्रुवारीत गुलमर्गला जायचंय. उंची १७२, वजन ८८ किलो, वय ४१. कोर्सला मला १५० ची स्की दिली होती, पण गुलमर्गला जाऊन आलेला मित्र म्हणतो तुला १८० च लागेल. नक्की ठरवायचं कसं? आणि विकतच घेऊन टाकू का? – एक वाचक, पुणे

सगळेच आधी उंची सांगतात आणि मग वजन, तसंच तुम्हीही लिहिलंय. पण स्कीला तुमची उंची कळत नाही हो, तिला कळतं फक्त वर उभ्या असलेल्या माणसाचं वजन. वळताना स्की एजवर, म्हणजे कडेच्या धातूच्या पट्टीवर, कलते आणि तुमच्या भाराखाली वाकते, त्या वाकण्यातूनच टर्न निघतो. हलक्या माणसाला लांब आणि कडक स्की दिली की ती वाकतच नाही, सरळ पळत सुटते, आणि वजनदार माणसाला छोटी मऊ स्की दिली की जरा वेग आला की पुढचं टोक फडफडायला लागतं. म्हणून उंची हा फक्त पहिला अंदाज. स्की शेजारी उभी धरायची, नवशिक्याला टोक हनुवटी ते नाकाच्या मधे यावं, ज्याला दोन्ही स्की समांतर ठेवून वळता येतं त्याला कपाळापर्यंत, आणि वेगात किंवा खोल बर्फात जाणाऱ्याला डोक्याइतकी नाहीतर त्याहून थोडी वर. मग वजन उंचीच्या मानाने जास्त असेल तर पाचेक सेंटीमीटर वर सरकायचं, कमी असेल तर खाली.

तुमच्या बाबतीत हे १६० ते १६५ च्या आसपास येतं. कोर्सला १५० दिली ती योग्यच होती, पहिल्या आठवड्यात स्की पायाखाली फिरवता येणं महत्त्वाचं, वेग कुणाला हवा असतो तेव्हा. मित्राचंही अगदी चूक नाही, तो बहुतेक वरच्या टप्प्यावर जात असणार. गुलमर्गची गोंडोला, म्हणजे वर नेणारा रोपवे, दोन टप्प्यांची आहे, पहिला टप्पा कोंगदोरीपर्यंत आणि दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळपास ३९५० मीटरवर. वर मशीनने दाबून सपाट केलेले उतार जवळजवळ नाहीतच, सगळी पावडर, म्हणजे न दाबलेला मोकळा बर्फ, तिथे लांब आणि रुंद स्कीच लागते कारण ती बर्फावर तरंगते. पण तुमचा आठवडा खालच्या सौम्य उतारांवर जाणार आहे, गोल्फ कोर्सच्या बाजूला ड्रॅग लिफ्ट, म्हणजे स्कीवर उभं असतानाच वर ओढून नेणाऱ्या लिफ्ट, आहेत तिथे, आणि तिथे १८० ची रुंद स्की म्हणजे दिवसभर पायांना विनाकारण शिक्षा.

दुकानात स्की हातात घेतली की तिच्यावर बारीक छापलेले आकडे बघा, बाइंडिंगच्या, म्हणजे बूट जिथे अडकतो त्या खटक्याच्या, आसपास किंवा शेपटीकडे असतात. १२५-७८-१०९ असं काहीतरी लिहिलेलं असतं, ही पुढच्या टोकाची, कमरेची म्हणजे मधल्या अरुंद भागाची आणि शेपटीची रुंदी, मिलिमीटरमध्ये. त्यापुढे R १४ वगैरे असतं, ती साइडकटची, म्हणजे कडेच्या वक्राची, त्रिज्या, मीटरमध्ये. आकडा लहान तेवढी स्की पटकन वळते. तुम्ही कंबर ७५ ते ८५ आणि त्रिज्या १३ ते १५ अशी मागा, एवढं सांगितलंत तरी दुकानदाराला कळतं की माणसाला आपलं काय हवंय ते माहितीये.

‘लांबच घे’ हा सल्ला जुन्या काळातून आलाय. पूर्वी स्की जवळपास सरळ पट्टीसारख्या आणि दोन मीटरच्या वगैरे असायच्या, १९९३ च्या सुमाराला स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने खोल कमरेची एससीएक्स आणली, हळूहळू सगळ्याच कंपन्या तिकडे वळल्या आणि लांबी झपकन कमी झाली. सल्ला मात्र अजून तोंडोतोंडी फिरतोय.

विकत घेऊ नका एवढ्यात. अजून दोनएक सीझन भाड्याने घ्या, दरवेळी वेगळी मागून बघा. आणि एक कळकळीची विनंती, भाड्याच्या फॉर्मवर वजन खरं लिहा. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही कसे स्की करता यावरून बाइंडिंगचा डीआयएन आकडा, म्हणजे किती जोर आला की बूट सुटेल ते, लावतात. लाजेखातर दहा किलो कमी लिहिले तर स्की नको तिथे निघून येते, आणि येतं त्यापेक्षा जास्त येतं असं लिहिलं तर पडल्यावर ती सुटतच नाही, मग सगळा पीळ गुडघ्यात जातो.

प्रश्न : आम्ही सॅन होजेला राहतो, वीकेंडला टाहोला जातो. मी १५७ सेंमी, ५८ किलो, ब्लू रन, म्हणजे मध्यम अवघड उतार, आरामात करते. नवऱ्याने सेलमध्ये १७० लांबीची, १०४ कमरेची स्की घेतलीय, म्हणतो दोघांना चालेल. मला ती वळवताना मांड्या भरून येतात, दुपारनंतर तर अगदीच. माझी ताकद कमी पडतेय का? – एक वाचक, कॅलिफोर्निया

ताकद बिलकुल कमी पडत नाहीये, स्की तुमची नाहीये. १०४ ची कंबर म्हणजे जवळपास तुमच्या बुटाहून रुंद. एज पायाच्या खाली न येता बाजूला पडतो, मग दरवेळी स्की कलंडवायला गुडघा आणि मांडी जास्त लावावी लागते. सकाळी बर्फ मऊ असतो तेव्हा हे लपून जातं, दुपारी वरचा थर खरवडून खाली टणक लागलं की मग जाणवतं, तुम्ही जे लिहिलंय ते बरोब्बर हेच आहे. त्यात १७० म्हणजे तुमच्या डोक्याच्या वर १३ सेंमी.

टाहोचा बर्फ पॅसिफिकवरून येणाऱ्या ओल्या वादळांचा, जड असतो, तिथले लोक त्याला सिएरा सिमेंट म्हणतात. त्यामुळे अगदी ७० ची बारीक कंबरही नको, ती जड बर्फात रुतते. तुम्ही ८२ ते ९० मधली बघा, लांबी १५० च्या आसपास, पुढच्या टोकाला थोडा रॉकर आणि पायाखाली कॅम्बर. रॉकर म्हणजे टोक आधीपासूनच वर उचललेलं, त्याने टर्न सुरू करणं सोपं जातं आणि ढिगाऱ्यात टोक अडकत नाही, तर कॅम्बर म्हणजे पायाखालची कमान, तुमच्या वजनाने ती दबते आणि एजला पकड मिळते. आतमध्ये टायटेनल या धातूचे दोन थर असलेली कडक स्की ५८ किलोला सध्या नको. ‘विमेन्स’ लिहिलेलंच घ्यायला हवं असं काही नाही, त्या बहुतेक हलक्या आणि मऊ असतात आणि तुमच्या वजनाला तेच हवंय, पण मापं जुळली तर युनिसेक्सही छान.

आणि दोघांत एक स्की हे खरंच नका करू. बाइंडिंग एका माणसाच्या वजनाला आणि एका बुटाच्या लांबीला लावलेलं असतं. ती स्की नवऱ्याला राहू द्या, वादळाच्या दुसऱ्या दिवशी त्याला तिचा मस्त उपयोग होईल.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा, सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत, अलंग-मदन-कुलंग पण झालंय, फिटनेस चांगला आहे. स्की अजून कधी केलं नाही पण मला थेट पावडरच करायचीय, अफरवटवरून. १८९ ची, ११८ कमरेची सेकंडहँड स्की मिळतेय, घेऊ का? – एक वाचक, नाशिक

नको घेऊस. पाय भक्कम आहेत याचा फायदा होईलच, दम पण टिकेल, पण स्कीवर तोल पुढे ठेवायचा असतो आणि डोंगर उतरताना आपण जन्मभर मागे रेलायला शिकलोय, ते मोडायला उतार सोपा आणि स्की छोटी लागते. ११८ वर ते शिकणं फार अवघड, ती टणक बर्फावर एज लवकर धरतच नाही.

लांब स्की म्हणजे मोठा स्कीअर असं तुझ्या डोक्यात असेल तर एक बघ. गुलमर्गच्या भागातलाच आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकला स्लॅलम आणि जायंट स्लॅलम, म्हणजे रोवलेल्या खांबांच्या दरवाज्यांमधून वळत जायच्या शर्यती, दोन्हीत उतरला होता. पुरुषांच्या स्लॅलमची स्की नियमाने कमीत कमी १६५ सेंमी आणि जायंट स्लॅलमची कमीत कमी १९३. म्हणजे एकच माणूस, एकाच ऑलिम्पिकमधे दोन अगदी वेगळ्या लांबीच्या स्कीवर, कारण दरवाज्यांमधलं अंतर वेगळं. उतार काय मागतो त्यावर ठरतं सगळं.

तुझ्यासाठी म्हणून आधी एक कोर्स, औलीला किंवा गुलमर्गच्या सरकारी संस्थेत, आयआयएसएम म्हणतात तिला, जे जमेल ते. मग ८५ ते ९५ च्या ऑल-माउंटन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या उतारांना चालणाऱ्या, स्कीवर एक सीझन, मग पावडर, तेव्हा १०५ ते ११५ भाड्याने घे. सेकंडहँड घ्यायचीच झाली तर एज कुठे तडकलाय का, थर सुटलेत का ते नखाने चाचपून बघ आणि बाइंडिंग किती जुनं आहे ते विचार, फार जुन्याला बरेच टेक्निशियन हातच लावत नाहीत.

आणि अफरवटबद्दल स्पष्ट बोलते. पेट्रोलिंगच्या हद्दीबाहेर गेलास की उताराची जबाबदारी तुझी. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे हिमस्खलनात एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. बीकन (बर्फाखालून सिग्नल देणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी), ते वापरायचा सराव आणि स्थानिक गाइड, यातली एक जरी गोष्ट नसेल तर वर जाऊन गोंडोलाने खाली ये, त्यात काहीही कमीपणा नाही. पैसे स्कीवर घालण्याआधी यावर घाल.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची, म्युनिकला राहतो. दोन वर्षं पुरेल म्हणून एक साइज मोठी स्की घेतली तर? – एक आई

कपड्यांचं चालतं, स्कीचं नाही. मोठ्या स्कीवर मूल मागे बसून स्की करायला लागतं आणि ती सवय मग सुटत नाही. छाती ते हनुवटीच्या मधली घ्या, तिला येत असेल तर नाकापर्यंत. पूर्ण सीझन भाड्याने मिळते, वाढली की बदलून देतात का तेवढं आधी विचारून घ्या.

प्रश्न : दोन दिवस स्की केलं आणि अंगठ्याचं नख काळं पडलं. पुढच्या वेळी एक साइज मोठा बूट घेऊ ना? – एक वाचक, ठाणे

बहुतेक उलटंच करावं लागेल. बूट सैल असला की पाय आत पुढे सरकतो आणि प्रत्येक टर्नला अंगठा पुढे आपटतो, नख त्यानेच काळं पडतं. पहिली खरेदी कुठली करू असं कुणी विचारलं तर मी दरवेळी बूटच सांगते, स्की कितीही चांगली असली तरी तुमचं वाकणं तिच्यापर्यंत बुटातूनच पोचतं.

दुकानात असं करा. बुटातलं मऊ लायनर पूर्ण बाहेर काढा, नुसत्या प्लॅस्टिकच्या कवचात पाय घाला आणि बोटं पुढे हलकेच टेकतील इतका पाय सरकवा. आता टाचेमागे किती जागा राहिली ते बघा. दीड ते दोन सेंटीमीटर, म्हणजे साधारण एक ते दोन बोटं, इतकी असेल तर माप बरोबर. तीन बोटं जात असतील तर ठेवून द्या. मग लायनर घालून, एकच पातळ मोजा घालून, बकल लावा. सरळ उभं राहिल्यावर बोटं टेकतील, घाबरू नका, गुडघे पुढे वाकवले की टाच मागे बसते आणि बोटं सुटतात. टाच वर उचलली जात असेल तर बूट गेला. फ्लेक्स, म्हणजे बुटाचा कडकपणा, नवशिक्या पुरुषांना ८० ते १००, बायकांना ६० ते ८० पुरतो, वजन जास्त असेल तर थोडा वर. आणि बाइंडिंगला त्या बुटाचा तळवा चालतो का ते विचारा, साधा अल्पाइन, चालायला सोपा ग्रिपवॉक आणि डोंगर चढून जायच्या टूरिंगचा तळवा वेगवेगळे असतात, प्रत्येक बाइंडिंगला तिन्ही बसत नाहीत. एवढं झालं की बूट पायात ठेवून दुकानातच वीस मिनिटं गुडघे वाकवत उभे राहा, कुठे एका जागी टोचतंय का ते बघा आणि मग बिल करा.