६०० लिटरच्या मत्स्यटाकीसाठी ठिबक यंत्रणा: हप्त्यांवर घ्यावी का?

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राचा आशय थोडक्यात असा की, घरात गोड्या पाण्याची ६०० लिटरची टाकी आहे, दर आठवड्याला तिच्यातले १५० लिटर पाणी बादल्यांनी बदलण्यात दोन तास जातात आणि कंबर धरते. महिन्यातले दहा दिवस आपण फिरतीवर असता, तेव्हा हेच काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्यावे लागते. आता थेंबाथेंबाने पाणी बदलणारी, मोबाइलवर आकडे दाखवणारी तयार यंत्रणा बारा ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर घ्यावी असे आपल्या मनात आहे आणि ती सात महिन्यांत वसूल होईल असा हिशोबही आपण जोडला आहे. ठिबक जरूर बसवावे, परंतु ही यंत्रणा घेऊ नये आणि हप्त्यांवर तर मुळीच घेऊ नये, असे माझे मत आहे.

सात महिन्यांच्या हिशोबात आपण वाचलेल्या प्रत्येक तासाला आपल्या पगाराचा दर लावला आहे. मात्र आपला पगार महिन्याचा ठरलेला असल्यामुळे रविवारचे दोन तास मोकळे झाले तरी खात्यात एक पैसाही जास्त जमा होणार नाही. शिवाय दोन्ही तास वाचणार नाहीत, कारण काच पुसणे, तळाची घाण ओढून काढणे आणि गाळणी धुणे ही कामे ठिबक करत नाही. पंधरा लिटरच्या दहा बादल्या बाहेर आणि दहा आत, एवढे ओझे मात्र नक्की टळते. कंबरेसाठी खर्च करायला माझी हरकत नाही; फक्त त्याला परतावा म्हणू नये.

रोखीने खरोखर परत येणारी रक्कम एकच आहे, ती म्हणजे मदतनीसाचे पैसे. आपण दिलेले आकडे सोयीसाठी एका मापात मांडतो. आपली महिन्याची शिल्लक १०० धरली, तर मदतनीसाला महिन्याला १० जातात; ठिबक आल्यावर नळाचे पाणी गाळणारी कार्बनची काडतुसे आणि वाढीव पाणी यांवर सुमारे ३ जातील, म्हणजे निव्वळ बचत ७ होईल. तयार यंत्रणेची किंमत ३००, म्हणजे ती वसूल व्हायला जवळजवळ ४३ महिने लागतील. आपल्या नळकारागिराने सुटे भाग जोडून देण्याचे ९० सांगितले आहेत, ते १३ महिन्यांत निघतात.

‘बिनव्याजी’ या शब्दाकडेही जरा थांबून पाहावे. रोख घेतल्यास ५ टक्के सूट असल्याने यंत्रणा २८५ ला पडते. हप्त्यांवर ३०० आणि वर २ टक्के प्रक्रिया शुल्क, असे ३०६ होतात. मुद्दल दर महिन्याला उतरत जाते हे धरून हिशोब केला, तर हा फरक वार्षिक साडेतेरा टक्क्यांच्या आसपास व्याजाइतका ठरतो. व्याज आहेच, ते फक्त किमतीत मुरवले आहे.

स्वस्त जोडणीत माशांचे काही अडते का, याचे उत्तर पाण्याच्या गणितात आहे. बादलीने काढलेले पाणी सगळे जुने असते. ठिबकमध्ये मात्र नवे पाणी जुन्यात मिसळते आणि त्यातले थोडे ओव्हरफ्लोवाटे, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या तोंडातून, बाहेर जाते. त्यामुळे आठवड्याला एक चतुर्थांश बदलाचा परिणाम साधायला १५० ऐवजी सुमारे १७३ लिटर, म्हणजे रोज २५ लिटरच्या जवळपास पाणी लागेल. शेतातल्या ठिबकचा ताशी ४ लिटरचा ड्रिपर टायमरवर सहा तास चालवला की रोजचे २४ लिटर होतात आणि त्यासाठी मोबाइलची गरज पडत नाही. अगदी १५० लिटरच दिले तरी नायट्रेटची, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जाणाऱ्या घटकाची, पातळी आज पाणी बदलण्याच्या आदल्या क्षणी असते तेवढ्यावरच स्थिर राहते, त्याहून वर चढत नाही. आपल्या पाण्यात क्लोरामिन (नळाच्या पाण्यात घालतात ते, माशांना घातक जंतुनाशक) असेल तर ते नुसते ठेवून उडून जात नाही, म्हणून कार्बनच्या काडतुसावर काटकसर करू नये; ते ठरल्या मुदतीत बदलण्यासाठी दर महिन्याला रक्कम बाजूला काढावी.

मला खरी धास्ती आहे ती आपल्या फिरतीच्या दहा दिवसांची. एखादी गोगलगाय किंवा पान ओव्हरफ्लोच्या तोंडाशी अडकले की रोजचे २४ लिटर जमिनीवर येतील. त्यात टायमरचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर तोच ड्रिपर दिवसाला ९६ लिटर ओतेल आणि दहा दिवसांत आकडा हजार लिटरच्या घरात जाईल. म्हणून ९० च्या खर्चात आणखी १५ घालून टाकीला निचऱ्याचे दुसरे भोक आणि आत येणाऱ्या नळीवर पाण्याच्या पातळीने बंद होणारा फ्लोट व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. तयार यंत्रणेच्या माहितीपत्रकात मोबाइलवर आकडे दाखवणाऱ्या पडद्याचे वर्णन अर्धे पान आहे. दुसऱ्या निचऱ्याचा त्यात उल्लेखही नाही.

भोक पाडण्यापूर्वी टाकी टफन (तापवून कडक केलेल्या) काचेची नाही याची खात्री करावी, कारण तशी काच ड्रिल लावताच चुरा होते. घर भाड्याचे असल्यास नळजोडणीसाठी मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि सोडून जाताना या खर्चातले काही परत मिळेल असे धरू नये. घराचा विमा असेल तर स्वतः बसवलेल्या जोडणीतून झालेली गळती त्यात बसते का, हे कंपनीला लेखी विचारावे. अचानक फुटलेली नळी आणि हळूहळू झिरपणारे पाणी यांना अनेक पॉलिसी वेगवेगळे नियम लावतात.

एकूण १०५ चा हा खर्च अडीअडचणीच्या निधीला हात न लावता, दोन महिन्यांच्या शिल्लकेतून निम्मा-निम्मा करावा. जोडणी झाल्यावर पहिला महिनाभर, आपण घरी असतानाच, ती चालवून पाहावी. मदतनीसाला त्यानंतरच्या एका फेरीपर्यंत तरी सोडू नये. त्या वेळी त्याचे काम एवढेच, की दिवसाआड येऊन टाकीखालची फरशी कोरडी आहे का ते पाहायचे.