चुकारा आला की करून देतो

दारव्हा, रविवार रात्री

बेटा,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझं अर्धं बोलणं रेंजनं खाल्लं. जेवढं कानावर आलं तेवढ्यानंच रात्री झोप लागली नाही. विकत घ्यायला पाहिलेलं घर पसंत आहे, शाळा चालत दहा मिनिटांवर, अंगणात कडुलिंब, नळ दारात. मागच्या खोलीच्या भिंतीला तडा आहे, न्हाणीचं पाणी जोत्यात मुरतं अन् कवेलूखालच्या दोन बल्ल्या उधईनं पोखरल्या आहेत. त्यावर मालक म्हणाले, "म्याडम, तुमी टेन्शन नोका घेऊ. पोयाच्या आंधी सारं करून देतो. मी हावो ना."

हे जे शेवटचे तीन शब्द आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र.

तहसीलच्या आवारात टिनाच्या शेडखाली मी 31 वर्षं अर्जनविशी केली. किती विक्रीपत्रं लिहिली त्याचा हिशेब नाही. त्यातलं एक वाक्य हात आपोआप लिहायचा: "सदर मिळकत खरेदी घेणार यांनी प्रत्यक्ष पाहून, आहे त्या स्थितीत पसंत करून घेतली असून त्याबाबत त्यांची कोणतीही तक्रार नाही." घेणाऱ्याला ते वाचून दाखवलं की तो मान हलवायचा. त्याचं लक्ष रकमेच्या आकड्याकडे असायचं. बाहेर निंबाखाली देणाऱ्यानं त्याला काय काय कबूल केलेलं असायचं, ते माझ्या कागदावर कधी यायचं नाही. मीही विचारायचो नाही. आपल्याला काय करायचं, असं वाटायचं.

1994 साली मी स्वतः घर घेतलं. मागच्या खोलीला मातीचं धाबं होतं अन् ते गळतं हे मला दिसत होतं. ज्यांच्याकडून घेतलं ते गृहस्थ भले. म्हणाले, "चुकारा आला की धाबं काढून टिना टाकून देतो." तेव्हा कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदीत जायचा अन् चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्याहप्त्यानं यायचा, त्यामुळे कारण पटण्यासारखंच होतं. माझं विक्रीपत्र मीच लिहिलं. ते "आहे त्या स्थितीत"वालं वाक्य माझ्याच अक्षरात आहे. बघायचं असेल तर ये, अजून पेटीत ठेवलंय.

मृग लागला अन् पहिल्याच रात्री खोलीत टपटप सुरू झाली. तुझ्या काकूनं घरातली होती नव्हती तेवढी गंजं, घमेली मांडली. सकाळी एकेक गंज उचलून अंगणात उपडं करताना ती माझ्याकडे बघायची, बोलायची काही नाही. चुकारा आला, तो त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नात गेला. दुसऱ्या साली त्यांनी खरंच बैलगाडीतून बांबूचे दोन भारे आणून माझ्या अंगणात टाकले, "बस, आता मिस्त्री घेऊन येतो" म्हणाले. ते बांबू आम्ही पुढं दोडक्याच्या मांडवाला लावले. दर संक्रांतीला ते तिळगूळ घ्यायला यायचे अन् स्वतःहूनच विषय काढायचे, "यंदा करू भाऊ." सहाव्या वर्षी मी माझ्या पैशानं टिना टाकल्या.

ते लबाड नव्हते, हे मला तुला मुद्दाम सांगायचंय. तुझे मालकही नसतील. लबाड माणूस एक वेळ परवडतो, कारण त्याच्याशी आपण सावध असतो. पण घर विकणारा माणूस सहसा अडचणीतलाच असतो. कोणाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, कोणाचा पोरगा पुण्यात शिकतोय, कोणाचं ऑपरेशन. तुझे पैसे त्यांच्या हातात पडण्याआधीच त्या पैशांना पाय फुटलेले आहेत. त्यात त्यांनी मुदत कोणती दिली? पोळ्याची. तू शेतकऱ्याची पोर, तूच सांग, पोळ्याला कोणाच्या घरात पैसा खुळखुळतो? खतं-फवारणीत सगळं गेलेलं, सोयाबीन निघायला अजून महिना-दीड महिना, कापूस त्याच्याही पुढं. वरून पाऊस चालू, पाया उघडा करायला कोणता गवंडी तयार होईल? जबान देताना त्यांनी एवढा विचार केलेला नाही. तू कर.

आता कायद्याचं थोडं. फार नाही, मी वकील नव्हे.

1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो, की विकणाऱ्याला माहीत असलेला अन् घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा मोठा दोष असेल, तर तो विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. ऐकायला बरं वाटतं. पण तुझा तडा लपलेला कुठं आहे? तो तू पाहिलास, बोट लावून विचारलंस, त्यावर त्यांनी "करून देतो" म्हटलं. म्हणजे उद्या तू म्हणालीस, मला दोष सांगितला नाही, तर त्यांचं तेच आश्वासन तुझ्या विरोधात उभं राहील. दोष माहीत होता म्हणूनच तर दुरुस्तीची बोलणी झाली! हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

दुसरं, व्यवहार एकदा कागदावर उतरला की त्याच्या अटी त्या कागदावरूनच बघायच्या, तोंडी बोलणं आणून त्या फिरवायच्या नाहीत, असा पुराव्याच्या कायद्याचा नियम आहे. जुन्या 1872 च्या कायद्यात तो होता, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. कागद ज्या बाबतीत गप्प आहे अन् जी त्याच्याशी विसंगत नाही, तेवढ्यापुरता वेगळा तोंडी करार सिद्ध करायची वाट आहे म्हणतात. आहे खरी. पण "आहे त्या स्थितीत, तक्रार नाही" हे लिहिलेलं असताना तो कागद गप्प कुठं राहिला? अन् दोन बल्ल्या अन् एका भिंतीसाठी तारखा घेत फिरायला तुला शाळा सोडून जमणार आहे का?

बिल्डरकडच्या फ्लॅटला रेरा कायद्यात बांधकामाच्या दोषांची पाच वर्षांची जबाबदारी असते, हे तू कुठंतरी वाचलंस. ते बिल्डरसाठी. गावठाणातल्या जुन्या घराच्या मालकाला ते लागत नाही.

तर करायचं काय? माझ्या मते सगळ्यांत चांगलं म्हणजे दुरुस्ती त्यांच्याकडून मागूच नकोस, किंमत कमी माग. तुझा गवंडी ने, त्यांचा नको. त्याच्याकडून भिंत, न्हाणी, बल्ल्यांचा खर्च काढून घे अन् तेवढे पैसे सौद्यातून वजा करायला सांग. काम तू करून घे, तुझ्या देखरेखीत. दुसऱ्यानं कबुलीपोटी केलेलं काम कसं असतं माहीत आहे? तड्यात सिमेंट कोंबून वरून चुना.

किंमत कमी करायला ते तयार नसतील तर काम आधी, विक्रीपत्र नंतर. तेही जमत नसेल तर साठेखतात, म्हणजे विक्रीपत्राआधीच्या करारात, लिहून घे अन् रकमेतला काही भाग काम होईपर्यंत थांबव. मग विक्रीपत्रातही "संपूर्ण रक्कम पावली" असं येऊ देऊ नकोस. किती दिली, किती बाकी, कोणत्या कामापोटी, कोणत्या तारखेपर्यंत, सगळं त्यात आलं पाहिजे. नुसतं "दुरुस्ती करून देईन" असं मोघम नको. मागच्या खोलीची कोणत्या दिशेची भिंत, किती फूट, पायव्यापासून की वरवर, बल्ल्या सागाच्या की कशाच्या, न्हाणीचं पाणी कुठं काढायचं. अन् इसार चेकनं दे. वीस हजार किंवा त्याहून जास्त इसार रोखीत घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहेच, शिवाय रोखीचे पैसे कोणत्या बोलीवर दिले ते नंतर कोणालाच आठवत नाही.

कागदाचं नाव काढलं की ते दुखावतील. "माह्या जबानीवर भरोसा नाही काय?" असं म्हणतीलच. तेव्हा चतुःसीमेचं उदाहरण दे. पूर्वेला कोणाचं घर, पश्चिमेला कोणता रस्ता, हे गावात पोरासोरांना माहीत असतं, तरी आपण लिहितो अन् कोणी रुसत नाही. तरीही अडलं तर माझ्यावर ढकल. म्हण, आमच्या घरात एक म्हातारा अर्जनवीस आहे, तो ऐकत नाही. मला वाईटपणा घ्यायची सवय आहे.

नमुना 8 चा उतारा अन् घरपट्टीची पावती पाहिलीस, छान केलंस. पण नमुना 8 ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणाची ड्रोनची मोजणी होऊन घराची सनद निघाली असेल तर तीही माग.

आता तड्याचं. आपली काळी माती उन्हाळ्यात आवळते अन् पावसात फुगते, त्यावर बसलेलं घरही तिच्यासोबत हलतं. मे महिन्यात तडा सगळ्यांत रुंद दिसतो, श्रावणात तोच मिटल्यासारखा वाटतो अन् माणूस म्हणतो, बुजला बाई. उद्या जाशील तेव्हा तड्यावर आडवा सिमेंटचा बोटभर पट्टा लाव अन् वर खिळ्यानं तारीख कोर. पट्टा तडकला तर भिंत अजून चालते आहे असं समज; मग नुसत्या गिलाव्यानं भागणार नाही, पायव्यालाच हात घालावा लागेल. तडा वर रुंद आहे की खाली, तेही मोजून लिहून ठेव. मालकांना विचारूनच लाव, त्यांची भिंत आहे अजून.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं मी येतो. आमचा जुना मिस्त्री सोबत आणतो, बल्ल्यांत टोचून बघायला पेचकस अन् टॉर्चही. मालकांच्या घरी चहा होईल, तो घे, नाही म्हणू नकोस. चेकबुक मात्र खोलीवरच ठेव, अन् तोवर त्या पट्ट्याला कोणी चुना लावू नये एवढं बघ.

तुझा
काका

ता.क. काकूनं मुगाच्या वड्या अन् कैरीचं लोणचं दिलंय. बरणी मागच्या वेळची परत आण म्हणते.