टोमॅटोची पानं आकसली की लगेच औषध आणू नका

प्रश्न (वाळवा तालुका): परसात टोमॅटोची दहा झाडं आहेत. शेंड्याची पानं आकसलीत, खालच्या पानांवर तपकिरी डाग पडलेत. दोन्हींसाठी एकच फवारणी चालेल का?

उत्तर: चालणार नाही. हे दोन वेगळे त्रास आहेत आणि शेंड्याच्या त्रासावर तर बुरशीनाशकाचा काहीच उपयोग नाही.

आधी खालचं पान बघू. डाग गोल, आत एकात एक वलयं, भोवती पिवळी कडा, आणि सुरुवात जमिनीलगतच्या जुन्या पानापासून झाली असेल, तर तो लवकर येणारा करपा. त्याची बुरशी मातीत आणि पडलेल्या पाल्यात असते. पावसाच्या किंवा पाइपच्या पाण्याने माती उडाली की खालच्या पानांवर बसते. डागाळलेली पानं कोरड्या वेळी कात्रीने काढून जाळा, खतात टाकू नका. बुडापासून वीतभर उंचीपर्यंत खोड मोकळं ठेवा आणि बुडाशी उसाच्या पाचटाचं आच्छादन करा. पाणी सकाळी, फक्त बुडाशी. मग मॅन्कोझेब 75 टक्के पावडर लिटरला 2.5 ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा, पानाची खालची बाजूही भिजेल अशी फवारा. पावडर छोट्या काट्यावर मोजा, चमच्याच्या अंदाजाने नको. हे औषध पानावर कवच धरतं, आत शिरलेली बुरशी मारत नाही. म्हणून पडलेले डाग तसेच राहतील. नव्या पानांवर डाग येत नाहीत ना, एवढं बघा. फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडायचं ते पुड्यावर लिहिलेलं असतं, तेवढं थांबाच. घरची मुलं झाडावरचं फळ तोडून तसंच खातात.

आता शेंडा. आपल्याकडे इथेच चूक होते. पान उलटं करून झाड हलकेच हलवा. बारीक पांढऱ्या माश्या उडाल्या, पानं लहान, वर वळलेली, कडेला पिवळट आणि झाड खुजं राहिलं, तर तो चुरडा-मुरडा. हा विषाणू आहे, त्याच्यावर औषध नाही. असं झाड फुलावर आलेलं असलं तरी उपटा, नाहीतर माशी शेजारच्या झाडावर नेते. उरलेल्या झाडांच्या उंचीवर पिवळे चिकट सापळे लावा, आणि निंबोळी तेल लिटरला 5 मिली, त्यात थोडा साबण घोळून, संध्याकाळी फवारा.

पण माशी नाही, पानं सुतासारखी लांब-बारीक झालीत, देठ आणि खोड पिळवटलंय, आणि सगळी झाडं चार-पाच दिवसांत एकदम तशी झाली, तर रोग शोधू नका. आजूबाजूच्या उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलंय का, ते विचारा. वाऱ्याने आलेले त्याचे तुषारही टोमॅटोला पुरतात. उसाला वापरलेल्याच पंपाने भाजी फवारली तरी हेच होतं. पंप नुसत्या पाण्याने विसळून अंश जात नाही. परसासाठी लिटरभराची वेगळी बाटली ठेवा. झाडं लगेच उपटू नका, पंधरा दिवस थांबा. मार हलका असेल तर नवी फूट सरळ येते. खत वाढवून उपयोग होत नाही.

पाटण, जावळी, शिराळा अशा जास्त पावसाच्या भागातल्यांनी पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बघावी. पानाच्या कडेला भिजल्यासारखे काळपट-हिरवे चट्टे आणि सकाळी पानाखाली पांढरी लव दिसली, तर तो उशिरा येणारा करपा. काही दिवसांतच झाड वाळतं. लागलेली झाडं त्याच दिवशी काढा, बाकीच्यांवर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला 2.5 ग्रॅम.

तासगावकडे द्राक्षाची उरलेली औषधं घरात असतात. ती टोमॅटोवर मारू नका; ज्या औषधाच्या लेबलवर टोमॅटो लिहिलंय, तेवढंच परसात वापरा.