आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे : प्रायॉनचा आजार

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदूचा आजार झाल्याचे निदान झाले आहे. तो संसर्गजन्य असल्याचे कानावर गेल्यापासून वाडीतली माणसे आमच्या ओटीवरही येत नाहीत. त्यांच्या पेजेची वाटी वेगळी ठेवावी का? याचा जंतू कोणता? – एक वाचक, देवगड

उत्तर : वाटी मुळीच वेगळी ठेवू नका, आणि पेज जवळ बसूनच भरवा. स्पर्शातून, श्वासातून किंवा भांड्यांतून हा आजार पसरत नाही, हे वाडीतही निःसंकोच सांगा.

याचे कारण जिवाणू नाही आणि विषाणूही नाही. पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांमध्ये मृत आप्तांचे अवयव खाण्याच्या अंत्यविधीतून पसरलेला कुरू हा याच जातीचा आजार रुग्णाच्या मेंदूचा अंश टोचल्यास चिंपांझींनाही होतो, हे अमेरिकी संशोधक गायडुशेक आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दाखवले. मात्र जंतू काही सापडेना. १९८२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅनली प्रुसिनर यांनी प्रायॉनची कल्पना मांडली : शरीरातीलच एका प्रथिनाची घडी बिघडते आणि ते शेजारच्या निरोगी प्रथिनांनाही तशीच बिघडवत जाते. नुसते प्रथिन संसर्ग घडवते हे मानायला अनेक शास्त्रज्ञ तयार नव्हते. पण याच शोधासाठी प्रुसिनर यांना १९९७ मध्ये नोबेल मिळाले.

सुमारे ८५ टक्के रुग्णांत हा आजार बाहेरून संसर्ग न होता उद्भवतो, काही थोड्यांत तो आनुवंशिक असतो. धोका मुख्यतः मेंदू व मज्जारज्जूच्या ऊतींशी संबंध आलेल्या उपकरणांचा, कारण नेहमीच्या निर्जंतुकीकरणाने प्रायॉन नष्ट होत नाहीत. म्हणून सासऱ्यांवर कोणतीही शस्त्रक्रिया करायची झाल्यास डॉक्टरांना हे निदान आधी अवश्य सांगा.