आईबाबांचा पॅलिओ आणि मुलांचं ताट

प्रश्न : ताई, माझा नवरा आणि मी बऱ्याच दिवसांपासून पॅलिओ पद्धतीनं, म्हणजे अश्मयुगातली माणसं जे खात असं मानलं जातं तेच, जेवतो. धान्य, कडधान्यं, दूध, साखर, पाकिटातलं खाणं सगळं बंद. दोघांचं वजन उतरलं, त्याची रक्तातली साखरही आटोक्यात आली. आता सहा वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा यांनाही हेच द्यावं असं वाटतं, कारण दोन-दोन स्वयंपाक झेपत नाहीत. मुलगी भाज्यांना हात लावत नाही, मुलाला दूध फार आवडतं. सासूबाई म्हणतात, मुलं वाळतील. दूध आणि धान्य बंद केलं तर खरंच काही बिघडेल का?
— एक आई

उत्तर : सासूबाईंचं निम्मं म्हणणं खरं आहे. उरलेल्या निम्म्यात मी तुमच्या बाजूनं आहे.

तुम्हा दोघांना या आहाराचा फायदा झाला तो वजन उतरल्यामुळे. मुलांचं गणित नेमकं उलटं असतं. त्यांचं वजन आणि उंची वाढायला हवी. शिवाय पॅलिओ करणारी बरीच मंडळी नकळत पिष्टमय पदार्थही तोडत जातात. पाच वर्षांच्या आसपास मुलाचा मेंदू शरीराच्या दिवसभराच्या गरजेपैकी 40 टक्क्यांहून जास्त ऊर्जा एकटा खर्च करतो आणि त्याचं मुख्य इंधन ग्लुकोज. म्हणून धान्य काढायचंच असेल तर प्रत्येक जेवणात रताळं, बटाटा, भोपळा, केळं यांपैकी काहीतरी पोटभर हवं. काही कडवे पॅलिओवाले बटाट्यालाही बंदी घालतात. त्यांच्या घरात लहान मुलं नसावीत, असं मी समजते.

आता दूध. इथे मी हटून बसणार आहे. सहा वर्षांच्या मुलीला दिवसाला किती कॅल्शियम लागतं, याचे आकडे देशागणिक बदलतात. ब्रिटन 450 मिलिग्रॅम सांगतं, अमेरिका 1000. कपभर दुधात ते सुमारे 300 मिलिग्रॅम असतं. पॅलिओच्या याद्यांत त्याऐवजी पालक आणि हाडांचं सूप सुचवलेलं असतं. पालकात कॅल्शियम भरपूर असतं, पण त्यातलाच ऑक्झलेट नावाचा घटक ते धरून ठेवतो, त्यामुळे त्यातलं जेमतेम 5 टक्के अंगी लागतं. दुधातलं 30 टक्क्यांच्या आसपास लागतं. हाडं कितीही तास उकळा, सुपात कॅल्शियम फारसं उतरत नाही. ब्रोकोलीतलं चांगलं शोषलं जातं, पण एका कप दुधाची बरोबरी करायला शिजवलेली ब्रोकोली दोन-अडीच कप लागेल. भाजीला हात न लावणाऱ्या तुमच्या लेकीसमोर तेवढी ठेवून बघा! काट्यांसकट खाता येणारे छोटे मासे हा खरा पर्याय आहे. ते तुमच्या घरी आठवड्यातून अनेकदा आवडीनं खाल्ले जात असतील तर आपण पुन्हा बोलू.

‘दुसरा कुठलाही प्राणी मोठेपणी दूध पीत नाही’ हा युक्तिवाद मला पत्रांतून नेहमी ऐकवला जातो. दुसरा कुठलाही प्राणी स्वयंपाकही करत नाही. मुलाला दूध पचत असेल, पोट बिघडत नसेल, तर ते काढायला कारण नाही. मात्र दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. त्याहून जास्त प्यायलं की पोट दुधानंच भरतं, जेवण मागे पडतं आणि लोह कमी होत जातं.

धान्याबाबत मी इतकी हट्टी नाही. अश्मयुगातली माणसं धान्याला शिवत नव्हती, हे मात्र तितकंसं खरं नाही. युरोपात सापडलेल्या सुमारे 30,000 वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्या-वरवंट्यांवर वनस्पतींच्या पिठाचे कण मिळाले आहेत. जॉर्डनमध्ये तर शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीचे, 14,000 वर्षांहून जुने पावाचे करपलेले तुकडे मिळाले. तरीही कंदमुळं, फळं, अंडी, मासे, मांस यांतून मुलाचं पोट भरत असेल तर गव्हावाचून त्याचं अडणार नाही. माझी हरकत आहे ती दूध, धान्य आणि कडधान्यं तिन्ही एकदम काढण्याला. मग ताटात इतकं कमी उरतं की मुलानं एखादा पदार्थ नाकारला तर त्याच्या जागी द्यायला काही राहत नाही.

एक गोष्ट आधी करा. दोघांपैकी कुणाचं पोट वारंवार दुखत असेल, जुलाब होत असतील किंवा वाढ मंदावली असेल, तर गहू बंद करण्यापूर्वी डॉक्टरांकडून गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची, म्हणजे सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर ही तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते, आणि खरं निदान करायला मुलाला पुन्हा गहू खायला घालायची वेळ येते.

स्वयंपाक दोन करू नका. मांस, मासे, अंडी, भाज्या, कंद सगळ्यांसाठी एकच. मुलांच्या बाजूला वाटीभर भात आणि दूध किंवा दही वाढलं की झालं. तुमच्या आहारातला चांगला भाग, म्हणजे घरी शिजवलेलं ताजं अन्न, अंडी, मासे आणि पाकिटांना रजा, त्यांना आपोआप मिळतो. अडीच वर्षांच्या मुलाला अख्खा सुकामेवा देऊ नका. तो घशात अडकून श्वास बंद होऊ शकतो. पूड किंवा गुळगुळीत लगदा चालेल. कलेजी लोहासाठी उत्तम, पण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. त्याच्या वयाची रोजची वरची मर्यादा 600 मायक्रोग्रॅम आहे आणि 100 ग्रॅम कलेजीत त्याच्या कितीतरी पट असतं. आठवड्यातून एकदा एक-दोन छोटे तुकडे पुरेत. शार्क किंवा स्वोर्डफिशसारखे मोठे शिकारी मासे पाऱ्यामुळे टाळा. मीठ आयोडीनयुक्तच घ्या. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात आयोडीन पुरेसं नसतं.

मुलीच्या भाज्यांचं म्हणाल तर एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची विभागणी मला पटते. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. नवी भाजी आवडायला दहा-पंधरा वेळाही समोर यावी लागते, तोवर घोटभर संयम. आणि तिच्यासमोर पावाला किंवा भाताला ‘वाईट’ म्हणू नका. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक तिनं खुशाल खावा.

प्रश्न : आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे. आईचं दूध कमी पडतं म्हणून आम्ही पॅलिओत बसणारं घरचं बदामाचं दूध मध घालून देतो. शेंगदाणे कडधान्यात मोडतात म्हणून बंद ठेवले आहेत. चालेल ना?
— एक बाबा

उत्तर : नाही. बदामाचं दूध आणि मध दोन्ही आजच थांबवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतू शकणारी जिवाणूंची विषबाधा, होऊ शकते. बदामाचं दूध हे आईच्या दुधाला पर्याय नाही. त्यावर वाढवलेल्या एका अकरा महिन्यांच्या बाळाला स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झाल्याची नोंद 2016 मध्ये बालरोगांच्या वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. वरचं दूध हवंच असेल तर डॉक्टरांना विचारून शिशुफॉर्म्युला द्या.

शेंगदाण्यांचं तर उलटंच आहे. अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणे द्यायला सुरुवात केली, तर पुढे त्यांची अ‍ॅलर्जी होण्याचं प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास कमी होतं, असं 2015 च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. गुळगुळीत वाटलेला शेंगदाणा पातळ करून थोडा थोडा द्या. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र आधी डॉक्टरांकडे जा.